अल्पमोली जोडातील नियंत्रणतत्त्व

ज्या खेळात खेळाडू आपले पत्ते स्वतः निवडतो, त्यात निवडीला रचनेचे स्वरूप येते. आणि रचना म्हटली की तिचे मूल्यमापनही ओघानेच आले. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला व १९९३ साली प्रसिद्ध झालेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा असा खेळ होय. जोडात किमान ६० पत्ते असावेत, मूळ भूमिपत्ते वगळता कोणताही पत्ता चारांहून अधिक वेळा घेऊ नये, आणि प्रतिपक्षाचे २० जीवनांक शून्यावर आणावेत, हे त्याचे स्थूल नियम. परंतु पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात व त्यांतील दुर्मिळ पत्ते महाग होतात. साहजिकच बुद्धीबरोबर पैशाचे बळही डावात उतरते.

या संदर्भात सावंतवाडीच्या गंजिफेचे स्मरण उद्बोधक ठरते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात १२ पत्ते, असे एकूण १२० पत्ते असतात. गंजिफेच्या कलेत दरबार कलम आणि बाजार कलम असे दोन दर्जे मानले गेले. एक हस्तिदंतासारख्या मोलाच्या द्रव्यावर, तर दुसरा कापड किंवा कागद यांवर रंगविलेला. तथापि बाजारी जोडातला राजा हाही राजाच. दरबारी पत्ता हाती असल्याने कोणास एकही हात अधिक मिळत नसे. तेथे वैभव पत्त्याच्या पाठपोटावर होते, बळ मात्र नियमात होते. ‘मॅजिक’मध्ये ही फारकत उरली नाही.

नियंत्रणाचा जोड म्हणजे जो जिंकण्याची घाई करीत नाही, तर प्रतिपक्षाचा प्रत्येक बेत निष्फळ करून त्याला थकवितो. १९९०च्या दशकात ब्रायन वाइसमन यांच्या ‘द डेक’ने ही पद्धती प्रतिष्ठित केली. विजयासाठी त्यात अवघे दोन ‘सेरा एंजल’ होते. उरलेला जोड प्रतिकार व पत्त्यांची बरकत यांसाठी. परंतु त्यात ‘ब्लॅक लोटस’सारखे अतिदुर्मिळ पत्तेही होते. तेव्हा यश तत्त्वाचे की धनाचे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर ‘पॉपर’ या प्रकारात मिळते. येथे जे पत्ते कधी ना कधी ‘सामान्य’ म्हणून छापले गेले, तेवढेच चालतात. निळ्या-काळ्या रंगांचा जोड घ्यावा. ‘काउंटरस्पेल’ दोन निळ्या शक्तींत कोणताही मंत्र रद्द करतो. एकास एक असा हा सौदा. ‘मलड्रिफ्टर’ पटावर येताच दोन पत्ते देतो आणि वर स्वतः उडता योद्धा म्हणून उरतो. एका पत्त्याची किंमत तिपटीने वसूल होते. ‘क्रिप्ट रॅट्स’ सर्व प्राण्यांना व दोन्ही खेळाडूंना सारखीच इजा करतो. म्हणून ज्याने पटावर थोडेच मांडले त्याला तो लाभतो. ‘गुर्मॅग अँगलर’ तर खर्ची पडलेल्या पत्त्यांनीच आपले मोल चुकवितो. महागडा पत्ता एकट्याने जे साधतो, ते येथे परस्परसंबंधातून साधते. रचनेचा खरा कस तो हाच.

अर्थात् हे समाधान संपूर्ण नाही. ‘सामान्य’ हा शिक्का छापणारा मारतो, भाव मात्र मागणी ठरविते. १९९३च्या ‘अरेबियन नाइट्स’ संचातील ‘ऊब्लिएट’ हा पत्ता सामान्य असूनही दीर्घकाळ महाग राहिला. २०२० साली ‘डबल मास्टर्स’मध्ये तो पुन्हा छापला गेला. शिवाय नियंत्रणाच्या खेळाला दुसरी किंमत आहे : कोणता मंत्र अडवावा आणि कोणता जाऊ द्यावा, हे कळण्यास प्रतिपक्षाचे जोड ठाऊक असावे लागतात. पैसा वाचतो, वेळ वाचत नाही.

तरीही या दोन किमतींत मूलभूत भेद आहे. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावातील एखाद्या कामगाराच्या मुलाला पहिली किंमत देणे कदाचित कधीच शक्य होणार नाही. दुसरी मात्र त्याला अभ्यासाने देता येईल. जो खेळ हा दुसरा मार्ग मोकळा ठेवतो, त्यातच पराभवाला काही अर्थ राहतो. कारण हरलेल्यास आपली चूक शोधता येते, केवळ आपली ऐपत मोजावी लागत नाही. गंजिफेने नियमातच राखलेली ही समता ‘पॉपर’ने मर्यादा स्वीकारून, अंशतः का होईना, परत मिळविली आहे.