धूर दिसला म्हणजे काय दिसलं?

मंडळी, डोंगरावर धूर दिसला की नैयायिक अग्नीचं अनुमान करतो. आज आम्ही ज्या धुराबद्दल बोलतोय, तो धूरच नाही. पॅसिफिकच्या तळाशी, हुआन दे फुका कड्यावर, सुमारे 2200 मीटर खोल, ग्रोटो नावाच्या उष्ण झऱ्यांसमोर 2010 साली ‘कोव्हिस’ हे सोनार बसवलं. वीज केबलनं मिळत होती, त्यामुळे दर तीन तासांनी लोटाचं चित्र निघू शकत होतं. भरती-ओहोटीबरोबर लोट कसा वाकतो, हे एकदाच पाणबुडी उतरवून कळलं नसतं. हे श्रेय द्यायलाच हवं.

आमची तक्रार आहे त्या रंगीत चित्रांबद्दल. सोनारला मिळतो तो प्रतिध्वनी: खनिजांच्या कणांवरून, आणि गरम-थंड पाण्याच्या घुसळणीवरूनही. मग तो वाढला तर कण वाढले की घुसळण? नुसतं चित्र सांगत नाही. आणि लोटाची ती रेखीव कड समुद्रात नसते हो! अमुक तीव्रतेवर रेघ ओढायची, हे माणसानं ठरवलेलं. आकडा बदला, लोट रोडावतो. डॉपलरनं मिळणारा चढण्याचा वेग अधिक भक्कम; पण त्यातून उष्णता काढताना गणिती प्रारूप मध्ये येतंच. नैयायिक विचारेल, व्याप्ती कुठं पाहिलीत? त्यासाठी तिथंच तापमापक हवा, आणि चित्राशेजारी त्याची नोंद छापलेली हवी.