वाचन-‘कौशल्य’ आणि त्याचा सराव : अमेरिकेतील मधल्या इयत्तांच्या इंग्रजी-अध्यापनाची एक चिकित्सा

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सहावी ते आठवी ह्या इयत्ता बहुधा ‘मिडल स्कूल’ ह्या स्वतंत्र शाळेत भरतात. तेथे इंग्रजी हा विषय ‘लँग्वेज आर्ट्स’ ह्या नावाने शिकविला जातो. वाचन, लेखन, भाषण-श्रवण आणि भाषेचे नियम ही त्याची चार अंगे होत. ह्या विषयाच्या सरावासाठी तयार होणाऱ्या पुस्तिकांची रचना सामान्यतः एकाच साच्याची असते. उताऱ्यातील मध्यवर्ती कल्पना ओळखणे, अनुमान काढणे, लेखकाचा हेतू सांगणे, कार्यकारणसंबंध दाखविणे अशी कौशल्यांची एक यादी केलेली असते. प्रत्येक कौशल्यासाठी एकेक आखूड उतारा दिलेला असतो आणि त्याखाली चार पर्यायांचे प्रश्न असतात. आज ध्रुवीय अस्वलांवरील उतारा, उद्या विमानाच्या शोधावरील, परवा एखाद्या लोककथेवरील. विषय बदलत राहतो. कौशल्य मात्र तेच राहते, अशी ह्या रचनेमागील समजूत आहे.

ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. २०२४ साली घेतलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात आठवीतील ३३ टक्के विद्यार्थी वाचनाच्या ‘बेसिक’, म्हणजे किमान पातळीच्याही खाली आढळले. अशा विद्यार्थ्यांवर उपचार म्हणून ह्याच प्रकारचा सराव अधिक प्रमाणात लादला जातो. उपचाराची मूळ उपपत्तीच सदोष असेल, तर त्याची झळ सर्वांत आधी ह्या विद्यार्थ्यांना लागते.

२

‘कौशल्य’ ह्या संज्ञेचा मूळ अर्थ पाहिला तर एक भेद ध्यानात येतो. पोहणे, टंकलेखन, सायकल चालविणे ही कौशल्ये होत. एका तळ्यात शिकलेले पोहणे दुसऱ्या तळ्यातही उपयोगी पडते. अक्षरांवरून शब्द उच्चारणे हेही बव्हंशी असेच कौशल्य आहे; एकदा ते हस्तगत झाले म्हणजे कोणताही छापील शब्द वाचता येतो. परंतु ‘मध्यवर्ती कल्पना ओळखणे’ हे त्या अर्थाने कौशल्य आहे काय? उताऱ्याचा अर्थ कळला म्हणजे त्यातील मुख्य काय आणि गौण काय हे आपोआप दिसू लागते. अर्थच कळला नसेल तर ते ओळखण्याची कोणतीही स्वतंत्र रीत हाती उरत नाही. म्हणजे जे आकलनाचे फल आहे, तेच येथे आकलनाचे साधन म्हणून शिकविले जाते.

ह्या संदर्भात डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे, कारण तो ह्याच वयाच्या मुलांवर केलेला होता. सातवी-आठवीतील ६४ विद्यार्थ्यांचे त्यांनी चार गट केले. वाचनाची क्षमता आणि बेसबॉल ह्या खेळाची माहिती असे गटवारीचे दोन निकष होते. सर्वांना बेसबॉलच्या सामन्यातील अर्ध्या डावाचे वर्णन वाचावयास दिले. नंतर मैदानाच्या लाकडी प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून तो प्रसंग करून दाखविणे, त्याचा सारांश सांगणे आणि वाक्यांची महत्त्वानुसार वर्गवारी करणे ही कामे त्यांना सांगितली. वाचनात दुर्बल ठरलेली पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात सबल पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विशेष म्हणजे महत्त्वाची वाक्ये निवडणे, म्हणजेच सरावपुस्तिकांच्या भाषेत ‘मध्यवर्ती कल्पना ओळखणे’, ह्या कामातही विषयज्ञानाचाच प्रभाव दिसून आला. ह्या कौशल्याची चाचणी घेताना विषयज्ञानाचीही चाचणी होत असते, हे ह्यावरून स्पष्ट होते.

३

मग ही कौशल्यनिष्ठ पद्धती इतकी दृढ कशी झाली? तिची कारणे शास्त्रीय असण्यापेक्षा व्यवहारी अधिक आहेत. डोलोरेस डर्किन हिने १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गनिरीक्षणात चौथीतील वाचनतासांच्या ४,४६९ मिनिटांपैकी केवळ २० मिनिटे आकलन शिकविण्यात गेल्याचे आढळले. शिक्षक प्रश्न विचारीत आणि उत्तरे तपाशीत. शिकविणे जवळजवळ होतच नसे. परीक्षणालाच अध्यापन समजण्याची ही सवय पुढे कायद्याने बळावली. २००१ साली संसदेने संमत केलेल्या आणि जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेत वाचनाची वार्षिक चाचणी सक्तीची केली. २०१५ च्या नव्या कायद्याने जुना कायदा गेला, पण ही चाचणी टिकून राहिली. चाचणीतील उतारे कोणत्याही विशिष्ट अभ्यासक्रमाला धरून नसल्यामुळे शाळांनी सरावही तसाच, कोणत्याही विषयाला न धरलेला, सुरू केला. इतिहास आणि विज्ञान ह्यांचा वेळ, विशेषतः खालच्या इयत्तांत, वाचनाच्या तासांकडे वळविला गेला. आकलनाला जे विषयज्ञान आधारभूत असते, त्याचाच वेळ आकलनाच्या नावाखाली कमी व्हावा, हा ह्या पद्धतीतील सर्वांत मोठा अंतर्विरोध होय.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉमन कोअर’ मानदंडांवर हा दोष सरसकट टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. त्यांत वाचनाची दहा आधारभूत अपेक्षाविधाने प्रत्येक इयत्तेत पुनःपुन्हा येतात आणि त्यामुळे यादीला महत्त्व आले, हे खरे. तथापि ह्या मानदंडांना आशयसंपन्न अभ्यासक्रमाची जोड हवी, असे त्याच दस्तऐवजात बजावून सांगितले आहे. सरावपुस्तिकांनी यादी उचलली आणि ही अट बाजूस ठेवली.

४

येथे एक आक्षेप संभवतो. वाचनयुक्ती शिकवून आकलन सुधारते, असे दाखविणारे संशोधनही आहेच. ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन ह्यांनी १९८४ साली सातवीतील दुर्बल वाचकांना पुढचा मजकूर कल्पिणे, प्रश्न विचारणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि सारांश सांगणे ह्या चार क्रिया संवादातून शिकविल्या, आणि त्या मुलांचे आकलन निःसंशय सुधारले. हा आक्षेप टाळता येणार नाही. पण त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. हे शिक्षण सुमारे वीस दिवसांचे होते, तीन वर्षांचे नव्हते. शिवाय त्या प्रयोगात शिक्षक आणि मुले आळीपाळीने एकमेकांना प्रश्न विचारीत मजकुराशी झुंजत होती. चार पर्यायांतून एकावर खूण करीत नव्हती. डॅनिएल विलिंगहॅम ह्या मानसशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले आहे की, अशा युक्त्यांचा लाभ थोड्याच पाठांत पदरात पडतो आणि त्यांची दीर्घकाळ आवृत्ती केल्याने त्यात भर पडत नाही. वाचताना अर्थ लागतो आहे की नाही ह्याकडे लक्ष ठेवण्याची आठवण, एवढेच युक्तीचे कार्य दिसते. ही आठवण उपयुक्त आहे. पण ती अज्ञात शब्दाचा अर्थ सांगत नाही की अपरिचित विषयाची माहिती पुरवीत नाही.

५

ज्याला खरोखर सराव म्हणता येईल असे काही ह्या विषयात आहे काय? आहे, आणि ते वाक्यात आहे. एक उदाहरण पुरेसे होईल. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील सपाट प्रदेशात धुळीची प्रचंड वादळे झाली. गव्हासाठी मूळचे गवत नांगरून काढलेले होते, त्यात अवर्षण आले आणि सुटी झालेली माती वाऱ्याने उडाली. ह्या विषयावरील पाठात पुढील दोन वाक्ये येऊ शकतील : ‘द फार्मर्स रिमूव्ह्ड द ग्रास, विच हेल्ड द सॉइल’ आणि ‘द फार्मर्स रिमूव्ह्ड द ग्रास, विच रुइन्ड द सॉइल’. दोन्ही वाक्यांची बाह्य रचना एकच आहे. पहिल्यात ‘विच’ हे सर्वनाम ‘ग्रास’ ह्या नामाकडे निर्देश करते : माती धरून ठेवणारे गवत शेतकऱ्यांनी काढले. दुसऱ्यात ते संपूर्ण पूर्ववाक्याकडे निर्देश करते : शेतकऱ्यांनी गवत काढले आणि ह्या कृतीने जमीन नासली. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘जे’ चालेल, दुसऱ्या ठिकाणी ‘त्यामुळे’ म्हणावे लागेल. इंग्रजीत हा भेद रूपावरून कळत नाही. हे सर्वनाम दोन प्रकारे वापरले जाते, हा भाषेचा नियम होय आणि तो सरावाने अंगवळणी पडतो. परंतु प्रस्तुत वाक्यात कोणता प्रकार आहे हे ठरविण्यास, गवताची मुळे माती धरून ठेवतात ही माहितीच आवश्यक आहे. ज्याला ती नाही, तो विद्यार्थी दुसऱ्या वाक्यावरून गवतानेच जमीन नासविली असा अर्थ करील, आणि व्याकरणदृष्ट्या त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. ‘अनुमान काढणे’ ह्या कौशल्याचे पन्नास उतारे सोडवूनही त्याची ही अडचण दूर होणार नाही.

ह्या इयत्तांच्या भाषाविषयक मानदंडांत वाक्यांचे प्रकार, उपवाक्ये, धातुसाधिते, कर्तरी-कर्मणी प्रयोग ह्यांचा समावेश आहे, आणि तो योग्यच आहे. दोष आहे तो ही रूपे अधोरेखित करून ओळखण्यापुरताच सराव मर्यादित ठेवण्यात. केलॉग हंट ह्याने १९६५ साली चौथी, आठवी आणि बारावीतील लेखनाची तुलना करून दाखविले की, वय वाढते तशी मुले एका मुख्य वाक्यात अधिकाधिक गौण रचना सामावून घेऊ लागतात. ह्याच निरीक्षणाच्या आधारे छोटी वाक्ये जोडून एक संमिश्र वाक्य करण्याचा अभ्यास पुढे आला. फ्रँक ओहेअर ह्याने १९७३ च्या प्रबंधिकेत व्याकरणाच्या परिभाषेवाचूनही सातवीतील मुलांना त्याचा लाभ होतो असे दाखविले. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन ह्यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या लेखनावरील प्रयोगांचे एकत्र गणित मांडले. त्यात वाक्यजोडणीचा परिणामांक ०·५०, सारांशलेखनाचा ०·८२, तर परंपरागत व्याकरणाचा उणे ०·३२ आला. ह्या शेवटच्या आकड्यावरून व्याकरण घातक आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण अनेक प्रयोगांत व्याकरणाचा वर्ग हा केवळ तुलनेसाठी ठेवलेला गट होता. तरीही केवळ रूपे ओळखण्याने लेखन सुधारत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

६

वरील विवेचनावरून सरावाची एक वेगळी दिशा सुचते. एकच विषय, उदाहरणार्थ वर उल्लेखिलेली धुळीची वादळे, तीन-चार आठवडे चालावा. प्रथम सोपा पाठ, मग नकाशा आणि मातीविषयीची माहिती, मग त्या काळातील एखादा मूळ लेख असा क्रम असावा. तेच शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुनःपुन्हा भेटावेत. प्रत्येक पाठातील दोन-तीन अवघड वाक्ये निवडून त्यांतील सर्वनामे कोणाकडे निर्देश करतात आणि ‘ऑलदो’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ ह्यांसारखी अव्यये कोणता संबंध जोडतात ह्याची तोंडी चर्चा व्हावी. नंतर त्याच विषयावरील सुटी वाक्ये जोडावीत, आणि शेवटी सारांश लिहावा. मध्यवर्ती कल्पनेचा प्रश्न ह्या क्रमात शेवटी येतो, आणि तेव्हा त्याचे उत्तर देण्यास लागणारी सामग्री विद्यार्थ्याजवळ जमलेली असते.

मराठीच्या अभ्यासकांनी ह्या चर्चेकडे परकी म्हणून पाहण्याचे कारण नाही. मराठीच्या प्रश्नपत्रिकांतही अपठित उतारा आणि त्यावरील आकलनाचे प्रश्न रूढ आहेत. तेथेही गुण कशाला पडतात, भाषेला की विषयाच्या पूर्वपरिचयाला, ह्याची छाननी करता येण्याजोगी आहे. तथापि अमेरिकन निष्कर्ष जसेच्या तसे येथील इंग्रजीच्या वर्गाला लावणे सयुक्तिक होणार नाही. तेथील बहुसंख्य मुलांना इंग्रजी वाक्यरचना शाळेत येण्यापूर्वीच अवगत असते. मराठी माध्यमातील मुलाला ती शाळेतच मिळवावी लागते. त्याच्यापुढे विषयज्ञानाच्या उणिवेबरोबर रचनेच्या अपरिचयाची दुसरी अडचण उभी असते. ह्या दोन अडचणी वेगळ्या करून मोजणे हे भाषावैज्ञानिकाचे काम आहे, आणि कौशल्यांची यादी आधी हाती घेतली तर त्या कामाला आरंभच होऊ शकत नाही.