घराची समीक्षा

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधणाऱ्याच्या दमछाकीवर ती नेमके बोट ठेवते. पण त्या बांधलेल्या घरात पुढे पन्नास वर्षे माणसे कशी जगली, याविषयी ती काही सांगत नाही. आपली साहित्यसमीक्षाही या बाबतीत तशीच मुकी आहे. कथानक, स्वभावरेखन, भाषा यांची चर्चा होते. घराचा उल्लेख आलाच तर 'वातावरणनिर्मिती' या सदरात, तोही एखाद्या वाक्यात. वस्तुतः मराठीतल्या कित्येक चांगल्या कृतींतली माणसे जशी वागतात, तशी वागण्याचे कारण पुष्कळदा त्यांच्या घराच्या बांधणीत सापडते.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे मला व्यवसायातूनच ठाऊक आहे. दोन जावांचे भांडण लिहायचे तर आधी चूल एक की दोन, आणि मधल्या दाराला कडी कोणत्या बाजूने, हे ठरवावे लागते. ते एकदा ठरले की संवाद सुचायला फार वेळ लागत नाही.

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला 'उपास' हा लेख आठवावा. एक गृहस्थ वजन उतरवायचे ठरवतात आणि सारी चाळ त्यांना आहाराचे सल्ले देऊ लागते. वाचक हसतो आणि श्रेय लेखकाच्या विनोदबुद्धीला देतो. ते योग्यच आहे. तथापि हा विनोद बंगल्यात घडणे शक्य नाही. एका-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, त्यांच्यासमोरून जाणारी सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि एकच जिना, अशा बांधणीत माणसाचे वजनसुद्धा खासगी राहत नाही. या गॅलरीने चाळकऱ्यांकडून एकांत घेतला आणि बदल्यात सोबत दिली. पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात विनोद मागे सरतो आणि ही देवघेव उघडी पडते. मराठीतली घराची पहिली खरी समीक्षा मी त्या पानांना म्हणेन.

प्रत्यक्षातल्या चाळींचा हिशेब मात्र इतका हळवा नव्हता. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारने २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मध्ये अंधारा बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. शौचालय सामाईक. २०२५ साली वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या. तिपटीहून अधिक जागा आणि स्वतःचे न्हाणीघर मिळालेल्या बाईला जुन्या चाळीचे गोडवे ऐकवायला कोणी जाऊ नये. पण उद्वाहनाचे दार उघडून सदनिकेचे दार बंद होईपर्यंत जी दहा पावले असतात, तेथे एखादा म्हातारा खुर्ची टाकून बसू शकतो का, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला विचारायलाच हवा.

दुसरी कृती महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे १९८५ चे नाटक. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात कर्त्या पुरुषाचे निधन झाले आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि शिकण्याची आस असलेल्या प्रभाचे शिक्षण कधीच थांबलेले आहे. या नाटकाची चर्चा सरंजामी कुटुंबाचा ऱ्हास म्हणून पुष्कळ झाली. मला त्यातला वाडा बांधकाम म्हणून महत्त्वाचा वाटतो. वाडा ही बाहेरून आत जाणारी रचना आहे : दिंडी, ढाळज, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर. पुरुष जितका मोठा तितका तो दाराजवळ. बाई जितकी परावलंबी तितकी ती आतल्या अंधारात. प्रभाच्या आयुष्यात जे घडले नाही, त्याची आखणी पाया खणतानाच झालेली होती. वाड्याच्या ओसरीवर कोणी बसायचे, कोणी अंगणात उभे राहायचे आणि कोणाला दिंडीतूनही प्रवेश नव्हता, हे गावोगाव ठरलेले असे. म्हणून जुन्या घराचे कौतुक करताना ते कोणाच्या वतीने चालले आहे, हे आपण स्वतःशी ठरवलेले बरे.

जुन्या घरांची ही चर्चा मराठवाड्यात बसून करताना एक पहाट विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेत गेली. ती घरे आमच्या बोरीकडे ओळखीचीच : दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर माळवद. माळवदाची माती दर पावसाळ्यापूर्वी नव्याने पसरतात, त्यामुळे पिढ्यांगणिक ओझे वाढत जाते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवणारा लांब जोडदगड बहुधा नसे. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही पदर सुटले. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि दगड कोसळले.

म्हणजे मारले ते भिंतीच्या सांध्याने आणि माथ्यावरच्या ओझ्याने. चौकाने किंवा ओसरीने कोणाला मारले नव्हते. परंतु पुनर्वसनात दोन्ही एकत्रच टाकून दिली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५० असे जमिनीच्या मापाने घराचे माप ठरले. मोठ्या शेतकऱ्याला मोठे घर, ही वाड्याच्या काळची उतरंड तेवढी नव्या नकाशात शाबूत राहिली! बहुतेक ठिकाणी रस्ते सरळ आणि रुंद, घरे सुटी सुटी, आणि गाव जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरलेले. भिंतीला भिंत लागून जे शेजारी होते ते लांब गेले. दार उघडले की थेट रस्ता.

त्या घरांनी माणसांना निर्धास्त झोप दिली, हे उपकार थोडे नव्हेत. दगडाच्या घरात पाऊल टाकायलाही जी माणसे भीत होती, त्यांना काँक्रीटच हवे होते. पण पुढे लोकांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ज्याला जमले त्याने समोर पत्र्याची पडवी काढली, अंगणाला भिंत घातली, चूल बाहेर आणली. नव्या नकाशावर रहिवाशांनी केलेली ही टीका आहे, आणि ती कोणत्याही अहवालाइतकीच गंभीरपणे वाचली पाहिजे.

परभणीकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. माळवदाच्या जाड मातीतून ऊन खाली उतरायला संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अंथरुणावर ऊब सोडत राहतो. अपुऱ्या झोपेने चिडलेली माणसे सकाळी एकमेकांवर ओरडतात. त्यात स्वभावाचा दोष किती आणि छताचा किती, हे कथालेखकाने तरी तपासावे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे आणि त्यात स्वयंपाकाची जागाही मोजली आहे. ही मोठीच सुधारणा होय. ओसरी काढायची की नाही, हे मात्र बांधणाऱ्याच्या ऐपतीवर राहते. आणि पैसे संपत आले की पहिली काट ओसरीलाच बसते.

माझे मागणे माळवद परत आणा असे नाही. साध्या तीन प्रश्नांनी घर वाचता येते. घरातले म्हातारे माणूस दिवसा कोठे बसते, आणि तेथून त्याला माणसे दिसतात का? घरातल्या बाईला कोणी हाक मारणार नाही अशी घटकाभर बसायला जागा कोठे आहे? आणि परीक्षेच्या दिवसांत मूल कोणत्या उजेडात वाचते? 'बटाट्याच्या चाळी'त पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे, दुसऱ्याला नाही. 'वाडा चिरेबंदी'त बाईसाठी जागा पुष्कळ आहे, तिचे स्वातंत्र्य नाही. पुनर्वसनातल्या घराने सुरक्षित छत दिले आणि पहिला प्रश्न लोकांच्या पत्र्यावर सोपवला.

दिवाळीला घरोघर माणसे एकत्र येतात, आणि या दिवसांत नव्या घराची बोलणीही निघतात. पाडव्याच्या मुहूर्तावर गवंडी फक्कीने आखणी करायला येईल, त्याआधी आजोबांना, घरातल्या बायकांना आणि मुलांना हे तीन प्रश्न एकदा विचारून घ्यावेत. फक्की पुसून पुन्हा ओढता येते.