जनशत्रू आणि जागल्या : इब्सेनच्या नाटकाचे वालधुनीकाठी वाचन

'व्हिसलब्लोअर' या संज्ञेसाठी मराठीत अलीकडे 'जागल्या' हा शब्द योजला जातो. शब्द समर्पक वाटतो. पण त्यात एक गफलत आहे. गावगाड्यातील जागल्या रात्री पहारा देई आणि बाहेरून येणाऱ्या चोराविषयी गावाला सावध करी. आजच्या जागल्याला गावातल्याच घराकडे बोट दाखवावे लागते. म्हणूनच लेखात तो जागल्या असला तरी गल्लीत त्याला 'चहाडखोर' म्हटले जाते. हेन्रिक इब्सेनच्या 'एन एनिमी ऑफ द पीपल' (1882) या नाटकाचा विषय नेमका हाच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील तरुण वाचकाच्या दृष्टीने या नाटकाचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

डॉ. स्टॉकमन यांना स्नानगृहांचे पाणी कातडी कमावण्याच्या कारखान्यांमुळे दूषित झाल्याचे आढळते. नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊ ते दडपू पाहतो आणि अखेर भरसभेत डॉक्टरांना 'जनशत्रू' ठरविले जाते. प्रामाणिक व्यक्ती विरुद्ध निगरगट्ट शासनसंस्था, असा याचा अर्थ आपण वर्गात सांगतो. विद्यार्थ्यांना तो आवडतो, कारण त्यात ते आपोआप डॉक्टरांच्या बाजूला उभे राहतात. माझ्या मते हे वाचन अपुरे आहे. नाटकातील कळीचे पात्र नगराध्यक्ष नसून मुद्रक आस्लाक्सन आहे. घरमालक संघटनेचा हा मवाळ पुढारी प्रारंभी डॉक्टरांना पाठिंबा देतो. दुरुस्तीचा खर्च करदात्यांवर पडणार हे कळताच तो फिरतो. लोकांना सत्य नको असते असे नव्हे, त्यांना त्याचे बिल नको असते.

वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते. वाटेत ती रासायनिक सांडपाणी पोटात घेते. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांतून पसरलेल्या वायूमुळे उल्हासनगरातील अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. पण येथील विद्यार्थ्याचा पिता वा काका बहुधा अशाच एखाद्या कारखान्यात कामाला असतो. नाटकातही कारखानदार मॉर्टेन कील हा डॉक्टरांचा सासराच आहे, आणि पत्नीच्या वाट्याचा पैसा तो स्नानगृहांच्या समभागांत गुंतवून जावयाला पेचात पकडतो. हा प्रसंग आपल्याकडे अभावानेच चर्चिला जातो.

उल्हासनगरच्या अनधिकृत इमारतींचे प्रकरण तर आस्लाक्सनच्या सभेची आठवण करून देते. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 855 इमारती पाडण्याचे आदेश दिले, 2005 मध्ये कारवाई सुरू झाली, आणि 2006 मध्ये शासनाने अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरपुरता कायदा केला. ज्याने आयुष्याची पुंजी घालून सदनिका घेतली त्याच्या दृष्टीने जनशत्रू कोण? बिल्डर नव्हे, परवानगीकडे डोळेझाक करणारा अधिकारीही नव्हे. न्यायालयात गेलेला माणूस. या रहिवाशाला केवळ स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल. छप्पर त्याचेच जाणार होते. मात्र मे 2021 मध्ये याच शहरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून दहाहून अधिक जण मृत्युमुखी पडले. स्टॉकमन यांची चूक इथे दिसते. ते दोष सांगतात आणि बहुमताची निर्भर्त्सना करतात. पण दुरुस्तीचा भार कोणी सोसावा, यावर त्यांच्याकडे फारसे उत्तर नाही.

सत्यजित राय यांच्या 'गणशत्रू' (1989) या चित्रपटात पाण्याचा प्रश्न मंदिराच्या तीर्थाशी जोडला आहे, आणि शेवटी डॉक्टरांच्या समर्थनार्थ तरुणांच्या घोषणा घराबाहेर ऐकू येतात. हा आशावाद मनाला भावतो. इब्सेनशी तुलना करता तो काहीसा सोपा आहे. इब्सेनच्या नाटकात जमाव खिडक्याच फोडतो. बदलापुरात दोन बालिकांवरील अत्याचाराची तक्रार नोंदविण्यास विलंब झाल्याने 20 ऑगस्ट 2024 रोजी संतप्त जमावाने अनेक तास रेल्वेमार्ग रोखून धरला. शासनसंस्थेवरील अविश्वास त्यात उघड होता, आणि तो निराधार नव्हता. पुढे 23 सप्टेंबरला आरोपी पोलीस गोळीबारात मारला गेला, तेव्हा याच शहरात पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या कथनावर शंका घेतली ती जानेवारी 2025 मध्ये. ज्या यंत्रणेवर महिन्यापूर्वी विश्वास नव्हता, तिचाच तत्काळ न्याय स्वागतार्ह ठरला. तेव्हा तरुण सत्तेच्या विरोधात आहेत की ती मंद चालते म्हणून रागावले आहेत, हा प्रश्न विचारावाच लागतो. जमावात उभे राहण्याचे धैर्य आणि एकट्याने सही करून अर्ज देण्याचे धैर्य ही दोन भिन्न धैर्ये आहेत.

दुसऱ्या धैर्याला कायद्याचा आधार तोकडाच आहे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची 13 जानेवारी 2010 रोजी हत्या झाली. 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा अद्याप अमलात आलेला नाही. उलट, बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हा 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे.

वर्गातील चर्चेत डॉक्टरांची कन्या पेत्रा सहसा मागे पडते, याचा खेद वाटतो. ती शिक्षिका आहे आणि वडिलांमुळे तिची नोकरी जाते. तिला काढून टाकणारी मुख्याध्यापिका दुष्ट नाही, तिलाही वाईट वाटते. पण तिच्याकडे पत्रे आलेली असतात आणि ती न मानण्याचे तिचे धाडस होत नाही. पेत्रा हे समजून घेते, तिच्यावर चिडत नाही, आणि बापाच्या बाजूनेच उभी राहते.