वाक्यखंड : दोष, दुरुस्ती आणि ‘ब्लीक हाउस’

इंग्रजी रचनेची पाठ्यपुस्तके वाक्यखंडाची ओळख एका रूपलक्षी कसोटीने करून देतात. उद्देश्य किंवा कालदर्शक मुख्य क्रियापद नसेल, अथवा गौण वाक्यच एकटे उभे असेल, तर ते वाक्य नव्हे, वाक्यखंड होय. ही कसोटी खंड ओळखते. त्याचे मूल्यमापन करू शकत नाही. त्यासाठी दुरुस्तीनंतर काय हरवते, हे पाहावे लागते.

मराठीभाषक विद्यार्थी ‘बिकॉज’ने आरंभ झालेले गौण वाक्य पूर्णविरामांच्या मध्ये एकटे ठेवतो. त्यामागे निष्काळजीपणा नसून मातृभाषेचा वाक्यविन्यास असतो. मराठीत ‘कारण’ने नवे, स्वतंत्र वाक्य निर्वेधपणे सुरू होते. येथे मधला पूर्णविराम काढून खंड मागील वाक्याला जोडला की काम भागते. हरवत काहीच नाही.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ची (१८५२-५३) गोष्ट निराळी आहे. कादंबरीचे पहिले वाक्य म्हणजे केवळ शहराचे नाव. पुढे चिखल, धुके, गॅसचे दिवे यांची वर्णने येतात. पण कालदर्शक क्रियापदे आढळतात ती गौण वाक्यांत, मुख्य रचना धातुसाधितांवरच तोललेली. तीन परिच्छेद असे गेल्यावर चौथ्यात मुख्य वाक्याला काळ लाभतो, तोही वर्तमान. आणि निवेदन टेम्पल बारवरून धुक्याच्या गाभ्यात बसलेल्या लॉर्ड चॅन्सलरपाशी पोचते. या खंडांना ‘होते’ची जोड दिली, तर धुक्याला भूतकाळ मिळेल, म्हणजे ते कधीतरी ओसरले असे सूचित होईल. चॅन्सरी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणाऱ्या जार्नडाइस दाव्याच्या कादंबरीला ही सूचना परवडणारी नाही. शिवाय याच संहितेत एस्थर समर्सनचे भूतकाळी निवेदन आहे. दोन निवेदकांमधले अंतर या दुरुस्तीने आरंभीच पुसट होईल.

मराठी अनुवादकाचा पेच याहून अवघड. ‘हा माझा भाऊ’ हे मराठीत क्रियापदावाचून पूर्ण वाक्य आहे. ‘सर्वत्र धुके’ यातही कोणाला उणीव जाणवणार नाही. त्यामुळे डिकन्सचे खंड जसेच्या तसे उतरवले, तरी मूळचा नियमभंग मराठीत नियमित होऊन बसतो. शब्दनिष्ठा येथे अपुरी पडते. एकेका वाक्यात तो ताण आणता येणार नाही. ‘पसरलेले’, ‘साचलेले’, ‘रेंगाळणारे’ अशी धातुसाधिते वाचकाला क्रियापदाची ओढ लागेपर्यंत लांबवावी लागतील आणि चॅन्सलरच्या आगमनापूर्वी एकही ‘आहे’ मुख्य वाक्यात येऊ देता येणार नाही.