जीर्णोद्धार, संरक्षण आणि उमेदवारी : पोखर्णीच्या निमित्ताने तीन शब्दांचा विचार

परभणी तालुक्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील तेथील स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. या मंदिराचे वर्णन करताना बहुधा ‘हेमाडपंती’ एवढे एकच विशेषण पुरेसे मानले जाते. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरचा अधिकारी आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता, म्हणजे त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा असूनही ते मंदिर लोकांच्या बोलण्यात हेमाडपंतीच असते. तेव्हा हा शब्द काळ सांगत नाही. तो एक बांधणी सांगतो. सांध्यात चुना न घालता घडीव दगड एकमेकांत बसवून रचलेली भिंत, हा त्याचा लोकमान्य अर्थ होय.

हा शब्दविचार येथे केवळ व्युत्पत्तीच्या हौसेने मांडलेला नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाचे शिक्षण तरुणांना प्रत्यक्ष कामावर द्यावे, हा विचार अलीकडे सर्वत्र मान्य होत आहे. हे शिक्षण कोणत्या शब्दांतून दिले जाते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. शब्द चुकला की हात चुकतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

पहिला शब्द ‘जीर्णोद्धार’. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीनुसार जीर्ण झालेली मूर्ती काष्ठाची असल्यास अग्नीत आणि पाषाणाची असल्यास जलात विसर्जित करावयाची, आणि तिच्या जागी त्याच द्रव्याची व त्याच प्रमाणाची नवी मूर्ती स्थापावयाची. येथे उद्धार होतो तो देवतेच्या सान्निध्याचा. जुन्या द्रव्याला स्वतंत्र मूल्य नाही. दुसरा शब्द ‘संरक्षण’. त्याची शिस्त भारतात रूढ केली ती जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संरक्षणविषयक नियमपुस्तिकेने. वास्तूचा मूळ दगड हाच तिचा पुरावा. म्हणून नवे करणे हे कर्तव्य नसून असलेले टिकविणे हे कर्तव्य, अशी तिची भूमिका आहे. एक शब्द द्रव्य बदलण्यास संमती देतो, दुसरा त्यास हात लावू देत नाही.

मार्शल यांच्या पुस्तिकेचा गुण तिच्या काटेकोरपणात आहे. कल्पनेने केलेली पुनर्रचना तिने त्याज्य ठरविली, आणि त्यामुळे कित्येक वास्तू सदिच्छेच्या तावडीतून वाचल्या. तिची मर्यादा अशी की, तिच्यात कारागीर हा बहुतांशी सूचना पाळणारा हात म्हणून येतो. जाणणारा येतो तो अधिकारी. ही उणीव इंटॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेने ओळखली. कायद्याचे संरक्षण नसलेल्या वास्तूंसाठी केलेल्या या सनदेने जीर्णोद्धाराच्या कल्पनेला मान दिला आणि परंपरागत बांधकाम करणाऱ्यांचे ज्ञान प्रमाण मानले. पूजेत असलेल्या मंदिराला ही दृष्टी अधिक न्याय देते, यात संशय नाही.

तथापि या सनदेचे एक गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. परंपरा जिवंत आहे आणि ती जाणणारा कारागीर हाताशी आहे, असे ती धरून चालते. मराठवाड्यात आज हे सर्वत्र खरे नाही. ज्या गवंड्याची सारी उमेदवारी सिमेंटवर झाली, त्याच्या हाती परंपरेच्या नावाने मंदिर सोपविणे म्हणजे परंपरेचा नव्हे, सिमेंटचा सन्मान होय. परंपरा किती पूर्णपणे विसरली जाऊ शकते, याचे उदाहरण वेरूळचेच आहे. तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले होते, ही गोष्ट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पुन्हा शोधून काढावी लागली. जे ज्ञान एकेकाळी कामावरच्या माणसाच्या तोंडी असणार, ते प्रयोगशाळेतून परत आले.

शब्द आणि हात यांचा संबंध एका लहान उदाहरणाने दाखविता येईल. दोन चिऱ्यांमधील फटीत चुना भरून ती बंद करण्यास गवंडी ‘दर्जा भरणे’ म्हणतो. कार्यालयीन अंदाजपत्रकात त्यालाच ‘पॉइंटिंग’ म्हणतात. पण चुन्यावाचून रचलेल्या भिंतीत भरण्यासाठी दर्जाच नसते. तेथे दगड दगडावर बसलेला असतो. या सांध्याला ‘भरणे’ हे क्रियापद लावले की हात आपोआप सिमेंटकडे जातो. मग भिंतीच्या पोटातील भरावात मुरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि कालांतराने दर्शनी चिरे पुढे सरकून भिंत पोट काढते. येथे अज्ञान साहित्याचे जितके, तितकेच क्रियापदाचे आहे.

आता तिसरा शब्द, ‘उमेदवारी’. इंग्रजी ‘इंटर्नशिप’ला मराठीत ‘आंतरवासिता’ असा प्रतिशब्द रूढ केला गेला. पण कसब्याकडे राहून काम शिकण्याला मराठीत फारसीतून आलेला ‘उमेदवारी’ हा शब्द पूर्वीपासून आहे, आणि १९६१ च्या कायद्यातील ‘शिकाऊ उमेदवार’ या संज्ञेत तो टिकून आहे. आंतरवासितेत मुदत मोजली जाते, उमेदवारीत हात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वास्तुजतनासाठी केलेली नाही. परंतु तरुणांच्या प्रशिक्षणाचा प्रचलित साचा तिच्यात दिसतो. अठरा ते पस्तीस वयाच्या प्रशिक्षणार्थीस बारावीसाठी ६,०००, आयटीआय वा पदविकेसाठी ८,००० आणि पदवीसाठी १०,००० रुपये मासिक विद्यावेतन, आणि आरंभी ठरविलेली मुदत सहा महिने. वास्तुजतनास हा साचा जसाच्या तसा लावल्यास दोन अडचणी येतील. पाथरवटाचा बारावी न झालेला मुलगा दारातच अडेल. आणि सहा महिन्यांत चुना विझविणे शिकता आले, तरी त्या चुन्याने एक पावसाळा कसा सोसला हे पाहण्यापूर्वीच शिकणारा निघून जाईल.

परंपरा तुटली असली तरी ती पुन्हा हाती येऊ शकते. दिल्लीच्या हुमायून मकबऱ्याच्या कामात चमकदार रंगीत फरशांची विद्या उझबेकिस्तानातून आलेल्या कारागिरांनी निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना शिकविली. तेथे शिकविणारा हात होता, आणि शिकणारा वास्तूच्या सावलीतच राहणारा होता.

या दृष्टीने पाहता पोखर्णीसारख्या पूजेतल्या मंदिरावर आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या भग्न मंदिरांवर एकच नियम चालणार नाही. पहिल्या ठिकाणी जीर्णोद्धार आणि संरक्षण यांचा मेळ घालावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी संरक्षणाची शिस्तच श्रेयस्कर. कोठे कोणता शब्द लागू पडतो, हे ठरविण्याची पात्रता उमेदवाराच्या अंगी आणणे हाच प्रशिक्षणाचा हेतू असला पाहिजे. त्यासाठी मंडोवर, जंघा, अंतराळ ही शास्त्राची परिभाषा, अंदाजपत्रकाची परिभाषा आणि ओळंबा, गुण्या, टाकी ही कामावरची बोली, या तिन्ही त्याला अवगत हव्यात. पहिल्या दोन ग्रंथांत आणि कागदांत सुरक्षित आहेत. तिसरी वृद्ध गवंडी, वडार आणि पाथरवट यांच्या तोंडी उरली आहे. तिचा संग्रह हे स्थापत्याचे जितके, तितकेच विद्यापीठांतील मराठी आणि भाषाशास्त्र विभागांचे काम आहे. आणि त्यास विलंब परवडणारा नाही.