अंतर्रचनाकारांच्या व्यवसायसंघटना : लाभ कोणाचा?

अंतर्रचनाकारांनी संघटित का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः सभासदत्वाच्या लाभांची यादी देऊन दिले जाते. ओळखी वाढतात, परिसंवाद व प्रदर्शने घडतात, नव्या साहित्याची माहिती मिळते, नावापुढे चार अक्षरे लावता येतात, इत्यादी. हे सर्व खरे आहे. परंतु असे लाभ कोणत्याही व्यापारी मंडळाच्या सभासदास मिळतातच. ज्या गृहस्थाने आयुष्याची शिल्लक घालून दोन-तीन खोल्यांचे घर घेतले आणि त्याची अंतर्रचना एका अनोळखी व्यक्तीच्या हाती सोपविली, त्याच्या पदरात संघटनेमुळे काय पडते, हे या यादीत कोठेच येत नाही. आमच्या मते संघटनेची खरी कसोटी तेथे लागते.

अंतर्रचनाकाराचे स्थान मुळातच अवघड आहे. तो सल्लागार असतो आणि खरेदीतील मध्यस्थही असतो. प्लायवूड, फरशी, नळ, पडदे कोणत्या दुकानातून घ्यावयाचे हे तो सुचवितो आणि दुकानदार त्यास कमिशन देऊ करतो. सुताराच्या व रंगाऱ्याच्या कामावर देखरेख त्याचीच, आणि पुष्कळदा त्या कामाचे कंत्राटही त्याचेच. वैद्याने औषधविक्रेत्याकडून हिस्सा घ्यावा, तशातलाच हा प्रकार. सेवेत उणीव राहिली तर ग्राहकास आयोगाकडे दाद मागता येते. पण न दाखविलेले कमिशन कोणत्याही बिलावर उमटत नाही, मग त्याबद्दल तक्रार ती काय करावयाची? ही गोष्ट व्यवसायबंधूंनाच ठाऊक असते. म्हणून तिला आवर घालण्याचे सामर्थ्यही प्रथम त्यांच्याच ठायी आहे.

या दृष्टीने अमेरिकेतील संघटनेचा इतिहास उद्बोधक आहे. तेथील सजावटकारांची राष्ट्रीय संघटना १९३१ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या गावी स्थापन झाली. हे गाव फर्निचरच्या कारखान्यांचे, काळ महामंदीचा, आणि ज्या परिषदेतून संघटना जन्मली, तिला कारखानदारांचा आश्रय होता, कारण त्यांचा माल खपावयास हवा होता. घाऊक भावाने घ्यावे, किरकोळ भावाने ग्राहकास द्यावे आणि मधल्या फरकावर जगावे, ही त्या काळच्या सजावटकाराची रीत. पुढे १९५७ मध्ये या संघटनेतून दुसरी फुटून निघाली आणि १९७५ मध्ये दोन्ही एकत्र येऊन 'अमेरिकन सोसायटी ऑफ इंटिरिअर डिझायनर्स' ही संस्था अस्तित्वात आली. तिच्या आचारसंहितेत एक कलम असे आहे की, कामाच्या संबंधात सभासदास जे जे मोल मिळेल ते ते त्याने ग्राहकापुढे उघड केले पाहिजे, आणि उघड न केलेले कोणतेही मोल कोणाकडूनही स्वीकारता कामा नये. विक्रेत्यांच्या आश्रयाने जन्मलेल्या संस्थेने हा नियम स्वतःवर घालून घ्यावा, ही आमच्या मते तिची सर्वांत मोठी कमाई होय. सभासदत्वाची माहितीपत्रके मात्र तिचा उल्लेख क्वचितच अग्रभागी करतात!

त्याच चळवळीची दुसरी बाजू इतकी स्पृहणीय नाही. व्यवसायातील काही गटांनी राज्यसत्तेकडे संरक्षण मागितले. अलाबामा राज्याने १९८२ मध्ये 'इंटिरिअर डिझायनर' या अभिधानास कायद्याचे संरक्षण दिले. २००१ मध्ये त्याच्या पुढे जाऊन परवान्यावाचून हे कामच करू नये असा निर्बंध घातला. आणि २००७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. फ्लोरिडात व्यापारी इमारतींच्या अंतर्रचनेस परवाना आवश्यक होता. २०२० मध्ये तेथे त्याऐवजी ऐच्छिक नोंदणी आली. परवान्याच्या समर्थकांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. ज्वालाग्राही छत किंवा फर्निचरने अडलेला जिना माणसांच्या जिवावर बेततो. परंतु अशा धोक्याचा बंदोबस्त इमारतविषयक नियमांनी, म्हणजे कामाच्या तपासणीने होतो; काम कोणी करावे यावरील मक्तेदारीने होतोच असे नाही. शिवाय सामान्य घरात ग्राहकाची हानी बहुधा आगीने होत नाही, हिशेबाने होते. आणि हिशेबाच्या बाबतीत परवाना मुका असतो.

आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने 'आर्किटेक्ट' हे अभिधान राखून ठेवले. त्याने केवळ अभिधान राखले आहे, कामावर बंदी घातलेली नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी दिला. अंतर्रचनाकारास असे कोणतेच वैधानिक कवच नाही. योगायोग असा की, 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स' ही संस्थाही १९७२ चीच. तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. ही उणीव समजून कायद्याची मागणी करणे सोपे आहे. परंतु ऐच्छिक संस्थेस आपले नाव कमवावे लागते, हाच तिचा विशेष.

परक्याने संघावर विश्वास ठेवण्याची गोष्ट आपल्या भूमीत नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे: २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण व्याज. एकट्या विणकराकडे ही रक्कम कोणी ठेवली नसती. श्रेणीचा हा लौकिक तिच्या सभासदांपुरता नव्हता, बाहेरच्यालाही तो उपयोगी पडत होता.

तेव्हा संघटनेस विचारावयाचे ते असे: कमिशन उघड करण्याचा नियम आहे काय, तो मोडणाऱ्यावर झालेली कारवाई ग्राहकास वाचावयास मिळते काय, आणि तक्रार करण्यास तो सभासद नसला तरी चालते काय? यात आणखी एक अडचण आहे, आणि ती वरील तिन्हींहून अवघड आहे. सांगली-जळगावसारख्या शहरांत लहान घराची अंतर्रचना पुष्कळदा सुतार मिस्त्रीच करतो. त्याच्यापाशी पदविका नसते, हात असतो. दुकानदाराचे कमिशन त्यालाही मिळते. सभासदत्वाचे दार पदविकेच्या रुंदीचे ठेवले, तर हा मिस्त्री बाहेर राहील. आणि ज्या ग्राहकास उघड हिशेबाची सर्वाधिक गरज आहे, तोही त्याच्याबरोबर बाहेरच राहील.